पिवळं औषध

"मॅडम, ते पिवळं औषध उरलं आहे काय?"

मी मायक्रोस्कोपवरून डोळे काढले नाहीत. डाव्या हातात मोजायचं छोटं यंत्र होतं. अंगठ्यानं दाबलं की आकडा एकानं पुढे सरकायचा. काचपट्टीवर उंदराच्या मेंदूचा काप होता आणि त्यातल्या मेलेल्या पेशी तपकिरी ठिपक्यांसारख्या दिसत होत्या. दोनशे सोळा झाले होते.

"कोण?" मी विचारलं.

"मी नेवारे."

सुखदेव नेवारे आमच्या संस्थेतलं प्राणीघर सांभाळायचे. उंदरांचे पिंजरे धुवायचे, दाणापाणी करायचं, इंजेक्शनच्या वेळी उंदीर धरायचा आणि शनिवारी प्रयोगशाळेतले फ्रीज पुसायचे. वय पन्नाशीचं. मी पीएचडीसाठी सांगलीहून नागपूरला आले त्याला चार वर्षं झाली होती, आणि त्या चार वर्षांत त्यांनी सांगितल्याशिवाय दांडी मारल्याचं मला आठवत नव्हतं. आदल्या दिवशी, सोमवारी, ते दुपारीच कोणाला न सांगता निघून गेले होते. आज आले होते ते खाकी गणवेशाशिवाय, घरच्या पांढऱ्या सदऱ्यात. सदऱ्यावर उलटीचा डाग वाळलेला होता.

"कशाला हवंय?"

"घरच्या मंडळीले लकवा झाला."

तेव्हा मी मान वर केली. ते दारातच उभे होते. चपला बाहेर काढून आत यायची त्यांची पद्धत होती, तशा त्या त्यांनी काढल्या होत्या.

"कधी?"

"काल सकाळी. उमरेडकडं गेलती, भाचीच्या लग्नाले. पाणी भरता भरता पडली. त्या लोकायले वाटलं ऊन लागलं. कांदा हुंगवला, झोपवून ठेवली. मले दुपारी फोन आला. दवाखान्यात आणेपर्यंत रात्र झाली. उजवी बाजू गेली. बोलून नाही राहिली."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हणते, उशीर झाला. तीन तासाच्या आत आणलं असतं तर एक इंजेक्शन होतं म्हणे." ते थांबले. "पण सर सांगत होते ना मॅडम, मधातलं मेलं ते मेलं. बाजूचं हळूहळू मरते. दोन दिवस, तीन दिवस. त्याच्यासाठीच ते पिवळं औषध आहे म्हणून. आज दुसराच दिवस आहे."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. आमच्या संशोधनाचा सगळा पाया त्यांनी दोन वाक्यांत सांगितला होता. मेंदूची रक्तवाहिनी बंद पडली की मधला भाग काही मिनिटांत मरतो. तिथल्या पेशी फुगतात आणि फुटतात. त्यांचं काही करता येत नाही. पण त्याच्याभोवतीच्या पट्ट्यातल्या पेशी लगेच मरत नाहीत. त्या अर्धवट उपाशी राहतात, आणि मग कित्येक तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी, स्वतःच मरायला घेतात. आक्रसतात, आतला ऐवज कापून बारीक करतात आणि शेजारच्या पेशी त्यांना गिळून टाकतात. ते मरणं पेशीच्या आतल्या आज्ञेनं होतं, म्हणून ती आज्ञा अडवता येईल, असं आमच्या हरकरे सरांना वाटत होतं. ती अडवण्यासाठी त्यांनी बारा वर्षं खपून जो पदार्थ तयार केला होता, त्याचा रंग फिकट पिवळा होता.

आणि महिन्यापूर्वी सरांनी सगळ्यांना संत्रा बर्फी वाटली होती. लकवा घडवून आणलेल्या अठ्ठेचाळीस उंदरांपैकी निम्म्यांना औषध दिलं होतं, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. मिठाच्या पाण्यावरचे अकरा मेले. औषधाचे फक्त तीन. आणि वाचलेले नुसते वाचले नव्हते, आठवड्यात ते चारही पायांवर चालत होते.

"एक बाटली मॅडम," नेवारे म्हणाले. "मी धरले ना ते उंदीर. मी पायलं आहे त्यायले उठताना."

"संपलं नेवारेभाऊ," मी म्हणाले. "नवीन बनवायला दोन महिने लागतील."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागच्या कोपऱ्याकडे. तिथं फ्रीज होता. फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात अकरा बाटल्या होत्या. परवाच्याच शनिवारी त्यांनी त्या एकेक उचलून, खालची काच पुसून, पुन्हा होत्या तशा ओळीत ठेवल्या होत्या.

"बरं मॅडम," ते म्हणाले.

चपला घालताना त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. मग ते गेले. मी पुन्हा मायक्रोस्कोपला डोळे लावले. दोनशे सतरा.

*

दुपारी मोजणी संपली. मी आकड्यांचा कागद घेऊन सरांच्या खोलीत गेले. डॉ. हरकरे तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते, दोन वर्षांनी निवृत्त होणार होते. त्यांच्या खोलीतला कूलर मोठा आवाज करायचा, म्हणून महत्त्वाचं काही बोलायचं असलं की ते तो बंद करत आणि दोघंही घामाघूम होत असत.

मी कोणत्या उंदराच्या पेशी मोजते आहे हे मला कळू नये म्हणून काचपट्ट्यांवर सरांनी नुसते आकडे घातले होते. ऑपरेशन मी करायची. इंजेक्शन मात्र सर स्वतः द्यायचे, मला खोलीबाहेर काढून. कुठला आकडा कुठल्या गटाचा, ती यादी त्यांच्या कपाटात कुलपात होती. त्यांनी ती काढली, कूलर बंद केला आणि पेन्सिलीनं बेरजा करायला बसले. मी समोर उभी होते.

मग त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. औषधाच्या उंदरांत सरासरी चारशे पाच मेलेल्या पेशी. मिठाच्या पाण्याच्या उंदरांत चारशे बारा.

"सारखंच आहे," मी म्हणाले.

"सारखंच आहे."

"म्हणजे पेशी मरायच्या थांबलेल्या नाहीत."

"पण उंदीर वाचले ना," सर म्हणाले. "ते तर वाचले. त्याला काय म्हणायचं?" ते पेन्सिल टेबलावर आडवी उभी फिरवत राहिले. "कदाचित आपण समजतो त्या वाटेनं औषध काम करत नसेल. दुसऱ्या वाटेनं करत असेल. मोजायला दुसरं काहीतरी हवं."

मला ते पटलं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि मला सरांचं बहुतेक सगळं पटायचं. शिवाय वाचलेले एकवीस उंदीर खोटं बोलत नाहीत.

मग मी नेवारे आल्याचं सांगितलं. त्यांनी काय मागितलं आणि मी काय उत्तर दिलं तेही.

सर खुर्चीत मागे टेकले. "संपलं म्हणालीस?"

"हो."

"का?"

"नियमात बसत नाही म्हणून. माणसावर चाचणी झालेली नाही. काही झालं असतं तर..."

"बरोबर आहे," सर म्हणाले. "बरोबरच केलंस." त्यांनी चष्मा काढून डोळ्यांवर बोटं दाबली. "बरं झालं, त्यानं मला विचारलं नाही."

नियमाचं मी सरांना सांगितलं, पण दारात नेवारे उभे होते तेव्हा मला नियम आठवला नव्हता. काहीच आठवलं नव्हतं. मला फक्त एवढंच वाटत होतं की हा माणूस लवकर जावा, म्हणजे आकडा विसरायच्या आत मला तो काप पुरा करता येईल. 'नाही देता येत' म्हटलं असतं तर 'का' आलं असतं, आणि त्याचं उत्तर द्यायला दहा मिनिटं गेली असती. 'संपलं'ला पुढे प्रश्न नसतो.

*

बुधवारी सकाळी मी फ्रीज उघडला आणि एक बाटली काढली. डब्यात बर्फ घातला, त्यात बाटली ठेवली, डबा पर्समध्ये ठेवला. हे मी का करते आहे याचा मी विचार केला नाही. वजनाचा हिशेब मात्र केला होता. उंदराला किती देतो, त्यावरून पन्नास किलोच्या बाईला किती लागेल, तो. त्या हिशेबानं एका बाटलीत काहीच होणार नव्हतं, अकराही पुरल्या नसत्या. तरी मी बाटली घेतली.

दवाखान्यात बायकांचा वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर होता. मे महिना होता, खिडक्यांना ओली पोती बांधली होती. नेवारे पलंगाजवळच्या स्टुलावर बसले होते. मला पाहून उठले आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"बसा मॅडम."

"राहू द्या, तुम्ही बसा."

"नाही, तुमी बसा."

मी बसले. त्यांच्या बायकोचं नाव पंचफुला होतं. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. लहान चणीची, सावळी, कपाळावर हिरवं गोंदण. नाकात नळी होती. तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता. डोळे उघडे होते आणि ते माझ्याकडे वळले.

"या आमच्या मॅडम," नेवारे तिला म्हणाले. "उंदरायच्या."

तिनं डावा हात थोडा उचलला. मी तो हातात घेतला. माझी बोटं काय करत होती हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. रोज उंदराची पकड तपासायची सवय होती, तशी मी तिची पकड तपासत होते.

"ऐकू येतं तिले," नेवारे म्हणाले. "सगळं समजते. काल पोरगी आली तर डोळ्यातून पाणी आलं."

"मुलगी कुठं आहे?"

"खाली गेली, चहा आणाले. कॉलेजात आहे पहिल्या वर्षाले."

पलंगाच्या पायथ्याशी कागद लावलेला होता. मी तो वाचला. डाव्या बाजूची मोठी रक्तवाहिनी. सूज वाढते आहे. कापसाचा बोळा भिजवून नेवारे तिचे ओठ पुसत होते. तोंडानं पाणीसुद्धा द्यायचं नाही अशी सिस्टरची ताकीद होती. गिळता येत नव्हतं, फुप्फुसात गेलं असतं. ते ओठ पुसत, बोळा पुन्हा वाटीत बुडवत, पिळत, पुन्हा पुसत. त्यांच्या हाताला घाई नव्हती.

पर्स माझ्या मांडीवर होती. तिच्या तळाशी गार लागत होतं. बर्फ वितळून कापडातून पाणी झिरपायला लागलं होतं आणि माझी सलवार भिजत होती. नेवाऱ्यांनी ते पाहिलं असेल की नाही, मला माहीत नाही. औषधाचा विषय त्यांनी काढला नाही. मी काढावा म्हणून वाट पाहिल्यासारखंही केलं नाही.

अर्ध्या तासानं मी उठले.

"येते मी."

"हाव मॅडम. उन्हाचं सांभाळून जा."

प्रयोगशाळेत परत आल्यावर मी डबा उघडला. बर्फाचं पाणी झालं होतं. एकदा गरम झालेलं ते औषध वापरता येत नसे. मी बाटली बेसिनमध्ये ओतली, वर नळ सोडला, आणि फ्रीजच्या नोंदवहीत लिहिलं: एक बाटली फुटली.

पंचफुलाबाई गुरुवारी सकाळी गेल्या. मला ते शुक्रवारी, फाटकावरच्या चौकीदाराकडून कळलं. त्या दिवशी मला जेवण गेलं, झोपही लागली. हे मी सांगते आहे कारण नंतर पुष्कळ वर्षं लोक मला म्हणत आले की तुला फार वाईट वाटलं असेल. तसं काही झालं नाही. मी रोजच्यासारखी बसले आणि नवीन उंदरांची यादी केली. सरांना प्रयोग पुन्हा करून पाहायचा होता. एका औषध कंपनीची माणसं पुढच्या महिन्यात येणार होती.

*

तेरावं झाल्यावर नेवारे कामावर आले. डोकं भादरलेलं, अंगावर इस्त्रीचा गणवेश. त्यांनी काही बदललं नव्हतं. पिंजरे धुतले, भुसा बदलला. इंजेक्शनच्या वेळी सरांसमोर उंदीर धरले. माझ्याशी कामापुरतं बोलले. पूर्वीही ते कामापुरतंच बोलायचे, त्यामुळे मला फरक सांगता आला नसता.

नवीन तुकडीच्या तिसऱ्या दिवशी मी सकाळी साडेसातला प्राणीघरात गेले. एरवी मी नऊनंतर जायची. एका उंदराचा टाका उसवल्याची शंका होती, म्हणून लवकर आले. आत नेवारे खाली फरशीवर मांडी घालून बसले होते. मांडीवर फडकं, फडक्यात उंदीर. शेजारी ॲल्युमिनियमची वाटी. वाटीत दाण्याच्या गोळ्या पाण्यात भिजवून, कुस्करून पातळ लापशी केलेली होती. ते एका काडीवर ती घेऊन उंदराच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात लावत होते. उंदीर चाटायचा, थांबायचा, पुन्हा चाटायचा. त्याची उजवी बाजू लुळी होती.

"हे काय करताय?" मी विचारलं.

"खाऊ घालून राहिलो." त्यांनी मान वर केली नाही. "पहिले तीन-चार दिवस त्यायले वरच्या जाळीतून दाणा ओढता येत नाही. पाण्याच्या नळीपर्यंत मान जात नाही. मंग वाळतात ते."

"रोज घालता?"

"सकाळी अन् संध्याकाळी. तुमी यायच्या आधी, अन् गेल्यावर."

"किती दिवसांपासून?"

"पहिल्या तुकडीपासून."

"मागच्या अठ्ठेचाळीस उंदरांना?"

"नाही, सगळ्यायले कुठं." त्यांनी काडी वाटीत बुडवली. "एवढा वेळ नाही पुरत. पिवळ्यायलेच."

प्राणीघरातला मोठा पंखा चालू होता. मी जवळ जाऊन उभी राहिले.

"पिवळे कुठले ते तुम्हाला कसं कळायचं?"

आता त्यांनी वर पाहिलं. प्रश्न विचित्र वाटल्यासारखं. "मीच धरतो ना मॅडम. सुईत पिवळं दिसते, नाहीतर पांढरं दिसते. शेपटीवरचा आकडा ध्यानात ठेवतो."

मला काही कळू नये म्हणून सरांनी मला खोलीबाहेर काढलं होतं, यादी कुलपात ठेवली होती, काचपट्ट्यांचे आकडे बदलले होते. नेवारे खोलीतच होते. मोजणारे ते नव्हते, त्यामुळे त्यांच्यापासून काही लपवायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं.

"पिवळ्यांनाच का पण?"

"सर म्हणाले होते एक दिवस, या औषधानं माणसं वाचतील. मंग हे उंदीर मरू देऊ नाही, असं मले वाटलं. बारा वर्षं झाली सरायले." त्यांनी काडी वाटीच्या काठाला पुसली. "अन् ते दुसरे तर पाण्याचेच होते."

"नेवारेभाऊ, हे तुम्ही कोणाला सांगितलं का नाही?"

"सांगण्यासारखं काय आहे? खाल्ल्यानं का कुठं लकवा बरा होते?"

मी तिथंच उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसले. त्यांनी तो उंदीर पुरा खाऊ घातला, फडक्यानं त्याचं तोंड पुसलं, पिंजऱ्यात ठेवला आणि दुसरा काढला.

*

सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी कूलर बंद केला नाही. मला मोठ्यानं बोलावं लागलं.

"फक्त औषधाच्या गटाला?" त्यांनी विचारलं.

"हो."

"दिवसातून दोनदा."

"हो."

"हे अजून कोणाला सांगितलंस?"

"नाही."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर कडुनिंब होता आणि त्याखाली कोणाची तरी स्कूटर. मला वाटलं, ते म्हणतील की राहू दे. त्यांनी तसं म्हटलं असतं तर मीही राहू दिलं असतं. आमचा लेख छापायला गेला होता, त्यावर माझं नाव दुसरं होतं, आणि माझी पीएचडी त्या लेखावर उभी होती.

"नवीन चाळीस घे," ते म्हणाले. "औषध आणि पाणी दोन्ही मिळून. सुई कागदात गुंडाळायची, धरणाऱ्यालाही रंग दिसता कामा नये. आणि नेवाऱ्यांना सांग, सगळ्यांना खाऊ घाल म्हणावं. एकही सोडायचा नाही. संध्याकाळी तू मदतीला थांब."

मग त्यांनी फोन उचलला आणि कंपनीच्या माणसांना येऊ नका म्हणून सांगितलं. कारण विचारलं असावं पलीकडून. "आमच्या मोजण्यात चूक आहे," एवढंच सर म्हणाले. नेवाऱ्यांचं नाव त्यांनी घेतलं नाही. तेव्हाही नाही आणि पुढे लेख मागे घेतानाही नाही.

दीड महिना मी आणि नेवारे रोज संध्याकाळी फरशीवर समोरासमोर बसून उंदरांना लापशी भरवत होतो. त्यांनी मला काडी कशी धरायची ते दाखवलं. चांगल्या बाजूनं लावायची, जिभेला कळायला हवं. घाई केली की ठसका लागतो. मला वीस मिनिटं लागायची तिथं त्यांना सहा लागायची. आम्ही फार बोलत नव्हतो. एकदा त्यांनी सांगितलं की मुलीनं कॉलेज सोडायचं काढलं होतं, पण ते नाही म्हणाले.

शेवटी सरांनी यादी उघडली. औषधाच्या वीस उंदरांतले तीन मेले होते. मिठाच्या पाण्याच्या वीस उंदरांतले दोन. वाचलेले सगळे सारखेच चालत होते.

सर म्हणाले, "संपलं." आणि यादी घडी घालून खिशात ठेवली.

त्या संध्याकाळी मी प्राणीघरात गेले. नेवारे रिकामे पिंजरे उन्हाला लावून आत आणत होते. पाऊस लांबला होता. त्यांना सांगायला हवं होतं. दीड महिना त्यांनी खपून केलं होतं, काय निघालं ते कळायचा त्यांना हक्क होता.

"नेवारेभाऊ, हिशेब झाला."

"काय निघालं?"

"औषधात काही नव्हतं. दोन्हीकडचे सारखेच वाचले. तुम्ही खाऊ घातलंत म्हणून वाचले."

त्यांनी हातातला पिंजरा खाली ठेवला. एकदम नाही, कडेनं, आवाज न करता.

"म्हणजे मागचे ते अकरा," ते म्हणाले, "पाण्याचे. ते उपाशी मेले म्हणा."

"तसंच म्हणावं लागेल."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ ते पिंजऱ्याच्या दारावरची कडी वर-खाली करत राहिले. मी जायला वळणार तेवढ्यात ते बोलले.

"मंग तिलेही काही झालं नसतं. दिलं असतं तरी."

"नाही. काही झालं नसतं."

"अकरा बाटल्या होत्या त्या दिवशी."

"हो."

"मी म्हटलं, मॅडम अशा कशा म्हणाल्या संपलं. मी घरी जाऊन हाच विचार केला मॅडम. ती गेल्यावरही केला. रोज उंदरायले भरवताना तुमी समोर बसून होत्या तरी मी मनात हाच विचार करत होतो. खोटं का बोलल्या." ते शांतपणे सांगत होते, एखाद्या दुसऱ्या माणसाची हकीकत सांगितल्यासारखं. "आता समजलं. तुमी पेशी मोजत होत्या. तुमाले तेव्हाच दिसलं असंल, याच्यात काही दम नाही म्हणून. मले तोंडावर कसं सांगणार? म्हणून तुमी संपलं म्हणाल्या."

मी त्या कडीकडे पाहिलं.

"तुमाले माहीत होतं ना मॅडम?"

त्या मंगळवारी मला काहीही माहीत नव्हतं. यादी दुपारी उघडली होती. सकाळी दहा वाजता, ते दारात उभे असताना, जगातल्या इतर कोणाहीइतकाच माझाही त्या औषधावर विश्वास होता. मला वाटत होतं की त्यानं जीव वाचतो. आणि मी नाही म्हणाले होते.

त्यांचे डोळे माझ्यावर होते. दोन महिन्यांत इतका वेळ पहिल्यांदाच.

"हो," मी म्हणाले. "माहीत होतं."

त्यांनी श्वास सोडला. मग गणवेशाच्या बाहीनं चेहरा पुसला, आधी एक गाल, मग दुसरा.

"बरं केलं मॅडम," ते म्हणाले. "उगाच तिच्या अंगात सुया गेल्या असत्या."

ते आणखी नऊ वर्षं संस्थेत होते. सर निवृत्त झाले, मी दुसऱ्या विषयात पीएचडी केली, मग तिथंच नोकरीला लागले. नेवाऱ्यांच्या मुलीच्या लग्नात त्यांनी मला सगळ्यांच्या आधी जेवायला बसवलं, आणि आपल्या मेहुण्याला जवळ बोलावून सांगितलं, "या त्या मॅडम. यायनं मले फसवलं नाही." मेहुण्यानं मला वाकून नमस्कार केला. मी ताटातली पुरी मोडली आणि जेवायला लागले.